गोळ्या थांबवून बघणारी माणसं

‘एचआयव्ही पूर्ण बरा झाला!’ ही बातमी अधूनमधून फिरते आणि खाली हमखास प्रश्न येतो, ‘हे औषध कधी मिळणार?’ तो वाचून मला वाईट वाटतं. विचारणाऱ्यांत रोज गोळी घेणारेही असतात, आणि त्यांना खरं काय ते कोणी नीट सांगत नाही.

टिमोथी रे ब्राउन हा एचआयव्हीतून पूर्ण बरा झालेला पहिला माणूस, हे खरंच. पण त्याला रक्ताचा कर्करोग होता. २००७ मध्ये बर्लिनला त्याच्यावर मूलपेशींचं प्रत्यारोपण झालं, आणि दाता मुद्दाम असा शोधला की ज्याच्या पेशींवर विषाणूला आत शिरायला लागणारं सीसीआर५ नावाचं प्रथिन जन्मतःच नव्हतं. कर्करोग उलटला, २००८ मध्ये पुन्हा प्रत्यारोपण. त्यातून तो कसाबसा वाचला. ज्याची तब्येत गोळ्यांवर उत्तम आहे, त्याला या दिव्यातून कोण नेईल? नेऊच नये.

खरी अडचण लपलेल्या विषाणूची आहे. तो सीडी४ पेशींच्या, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींच्या, डीएनएतच जाऊन बसतो, आणि त्यातल्या काही पेशी वर्षानुवर्षं निपचित पडून राहतात. औषध विषाणूची वाढ रोखतं, पण या पेशींपुढे त्याचं काही चालत नाही. अमेरिकेतल्या मिसिसिपीत २०१० मध्ये एचआयव्हीची लागण घेऊन जन्मलेल्या एका बाळाला ३० तासांच्या आत औषधं सुरू केली होती. पुढे ती बंद पडली, तरी दोन वर्षांहून जास्त काळ विषाणू दिसला नाही. २०१४ मध्ये तो पुन्हा सापडला.

लपलेला विषाणू पूर्ण संपला, असं छातीठोकपणे सांगणारी चाचणी अजून नाही. म्हणून नवा उपाय लागू पडला का हे पाहायला शेवटी स्वयंसेवकाच्या गोळ्या थांबवाव्या लागतात. त्याने वरचेवर रक्त द्यायचं आणि निकालाची वाट पाहायची. बहुतेकांच्या रक्तात विषाणू काही आठवड्यांतच परत येतो. गोळ्यांमुळे विषाणू दबलेला असताना शरीरसंबंधातून जोडीदाराला लागण होत नाही, पण या काळात ते संरक्षणही जातं. स्वतःला फायदा होण्याची शक्यता जवळपास नाही, हे माहीत असून ही माणसं तयार होतात. माझ्या लेखी या शोधातलं सगळ्यात मोठं योगदान त्यांचं आहे. अशा प्रत्येक चाचणीत त्यांच्या जोडीदारालाही प्रतिबंधक औषध मिळालंच पाहिजे, यावर मी अडून बसेन.

आणि बातमी वाचून कोणाच्या मनात स्वतःच्या गोळ्या सोडायचं आलं असेल, तर कृपा करून सोडू नका. त्या स्वयंसेवकांवर डॉक्टरांची सतत नजर असते आणि विषाणू ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेला की औषध पुन्हा सुरू होतं. घरी परस्पर गोळ्या सोडणाऱ्यामागे यातलं काहीच नसतं.