एकदा बघायला हरकत नाही

सोमवारची सकाळ, ८.१४ ची बोरिवली-चर्चगेट फास्ट. चौथ्या सीटवर अर्धं बूड टेकवून मी जेमतेम स्थिरावतोय, तेवढ्यात खिडकीवाल्या काकांनी पेपरची घडी करून मांडीवर ठेवली आणि विचारलं, “मग? कसा होता?”

सिनेमाला गेल्याचं मी कोणालाही सांगितलं नव्हतं. पण बायकोने आदल्या दिवशी पॉपकॉर्नच्या टबासकट आमचा फोटो स्टेटसला ठेवला होता, आणि रिटायरमेंट जवळ आल्यापासून काका सगळ्यांची स्टेटस मन लावून बघतात.

“बरा होता,” मी म्हणालो.

मागे भजनी मंडळाचे टाळ चालूच होते, पण आमच्या दोन बाकांपुरती शांतता पसरली. चूक माझीच. ‘बरा’ हा शब्द मराठीत तापातून उठलेल्या माणसासाठी राखून ठेवलाय, नाहीतर वय वाढत चाललेल्या मुलीला आलेल्या स्थळासाठी. सिनेमाला तो लावला की ऐकणाऱ्याला काहीच कळत नाही.

“बरा म्हणजे? जायचं की नाही ते सांगा,” बँकवाले म्हणाले. हे आमच्यातले व्यवहारी. त्यांना सिनेमात रस नसतो, निकालात असतो.

आमच्याकडे मत द्यायला बोरिवली ते अंधेरी एवढाच वेळ मिळतो. अंधेरीला जे लोक चढतात ते चढल्यावर श्वास घ्यायलाच जागा उरत नाही, मग मत कुठून मांडणार? त्यामुळे डब्यातली समीक्षा आटोपशीर असते. ‘पैसा वसूल’. ‘स्टोरीच नाही’. ‘सिनेमॅटोग्राफी जबरदस्त’, म्हणजे डोंगर बराच वेळ दाखवलाय. ‘कामं चांगली झालीत सगळ्यांची’, हे तर अशा सुरात की जणू बाथरूमच्या टाइल्स बसवून घेतल्यात. आणि या सगळ्यांचा राजा म्हणजे ‘इंटरव्हलनंतर ढेपाळतो’. हे वाक्य मी सिनेमा न बघताही म्हणून पाहिलंय, आजवर एकानेही हरकत घेतलेली नाही. उलट लोक मान डोलावून “हो ना” म्हणतात. त्यांनीही तो बघितलेला नसतो असा मला संशय आहे.

सोमवारी हे वाक्य मला वेळेवर आठवलं नाही. त्यात सिनेमा मराठी होता.

“मराठी सिनेमाला ‘बरा’ म्हणता?” बँकवाल्यांच्या शेजारचे, एरवी मालाडपर्यंत डुलक्या काढणारे गृहस्थ ताठ बसले. “आपणच असं बोलायला लागलो तर त्या बिचाऱ्यांनी करायचं काय? एक तर शो मिळत नाहीत.”

शोचं त्यांचं खरं होतं. आमचा शो रविवारी सकाळी १०.०५ चा होता. त्या वेळी मराठी माणूस दुसऱ्या चहावर असतो, मटणाच्या रांगेतून अजून परतलेला नसतो. २०१५ च्या एप्रिलमध्ये सरकारने मल्टिप्लेक्सवाल्यांना प्राइम टाइमला मराठी सिनेमा लावायला सांगितलं होतं. मग इतकी गरमागरमी झाली की संध्याकाळी सहा ते नऊचा प्राइम टाइम ताणून दुपारी बारा ते रात्री नऊ करण्यात आला. इलॅस्टिक एवढं सैल करूनही आमच्या सकाळच्या शोला त्यात घेता आलेलं नाही.

तरी माझ्या ‘बरा’मुळे मराठी सिनेमा बुडेल असं मला वाटलं नव्हतं. काकांना वाटलं. त्यांनी शोले काढला. कुठल्याही वादात ते अंधेरीच्या आत शोलेपर्यंत पोहोचतात. “पहिल्या आठवड्यात सगळे पडला, पडला म्हणत होते. मी म्हटलं, थांबा. पुढे मिनर्व्हाला पाच वर्षं चालला!” हे ऐतिहासिकदृष्ट्या बरोबर आहे. फक्त शोले लागला १५ ऑगस्ट १९७५ ला आणि काका तेव्हा चौथीत होते. ‘थांबा’ नेमकं कोणाला म्हणाले असतील? वर्गशिक्षकांना?

चर्चगेटला उतरून मी काळ्या घोड्याकडे चालत जातो. वाटेत ती जुनी वॉटसन हॉटेलची इमारत लागते. ७ जुलै १८९६ ला ल्युमिएर बंधूंच्या माणसाने तिथे सिनेमा दाखवला, तिकीट एक रुपया. त्यात एक चित्रफीत होती, स्टेशनात गाडी येते, बस्स. मुंबईत तोवर आगगाडी धावायला लागून त्रेचाळीस वर्षं झाली होती, तरी लोकांनी अख्खा रुपया मोजून गाडी येताना पाहिली. त्या दिवशी तिथे पुढे जाऊ की नको अशा विचारात मी उगाच थांबलो. त्या संध्याकाळी बाहेर पडणाऱ्या पहिल्या माणसाला कोणीतरी अडवून “कसा होता?” विचारलं असणारच. आणि तो मुंबईचा असेल तर म्हणाला असेल, “गाडी वेळेवर आली. पण गर्दी काही खरी वाटली नाही.”

त्या रात्री मी एक सुरक्षित वाक्य शोधून काढलं: एकदा बघायला हरकत नाही. स्तुती नाही, निंदा नाही, कोर्टात टिकेल असं. मंगळवारी लिफ्टमध्ये चौथ्या मजल्यावरच्या भाऊंनी विचारल्याबरोबर मी ते वापरलं. भाऊ “अस्सं!” म्हणाले आणि खूश होऊन उतरले. मीही खूश झालो.

शनिवारी भाऊ सहकुटुंब सहपरिवार, सहा जण, सिनेमाला गेले. रविवारी सकाळी दारात उभे.

“तुम्ही म्हणालात म्हणून गेलो हो.”

त्यांनी मोबाइल पुढे केला. सहा तिकिटं, १५००. पॉपकॉर्न दोन मोठे, ९००. थंड पेयं, ४००. जाता-येता दोन-दोन रिक्षा, ३४०. एकूण ३१४०. आवाजात राग नव्हता. राग असता तर परवडलं असतं. लग्न मोडलेल्या मुलीचा बाप मध्यस्थाकडे बघतो तसे ते माझ्याकडे बघत होते. “हरकत नाही म्हणालात ना तुम्ही? आम्हाला हरकत आली. नातवाला तर झोप आली.”

मी चहा दिला. बिस्किटं दिली. चारशे रुपये तरी वळते झाले असावेत.

त्याच वेळी सोसायटीचे सेक्रेटरी जिन्यावरून खाली येत होते. ते थांबले. माझं वाक्य त्यांच्याही कानावर गेलं होतं. “एकदा?” ते म्हणाले. “आम्ही तीनदा बघितला.” कारण त्यांच्या साडूंचा मुलगा त्या सिनेमात आहे. बाजाराच्या सीनमध्ये, हिरवा शर्ट, पाठमोरा. “ओळखलात ना?” पाठमोऱ्या माणसाला, ज्याला मी समोरूनही कधी पाहिलेलं नाही, मी ओळखायला हवं होतं. “हो तर,” मी म्हणालो. “काम चांगलं झालंय.” सेक्रेटरी सुखावले. भाऊंनी चहाचा कप खाली ठेवला आणि माझ्याकडे असं पाहिलं की पुन्हा बिस्किटं पुढे करायची माझी छाती झाली नाही.

आत आई मटार सोलत होती. ती आमच्याबरोबर सिनेमाला आली होती, पण तिला कसा वाटला हे आम्ही कोणी विचारलंच नव्हतं. खरं सांगायचं तर आई सिनेमा बघत नाही, ती त्या घरात पाहुणी म्हणून जाऊन येते. पडदे धुवायला झालेत, सुनेने मंगळसूत्र उलटं घातलंय, फ्रीजवर धूळ आहे, असं सगळं बघून येते.

“तो हिरव्या शर्टाचा मुलगा,” ती म्हणाली, “मेथीच्या एकाच जुडीचा भाव तीनदा विचारत होता. घेतली नाहीच.”

मी हातातला ट्रे खाली ठेवला.

“आणि ती बाई,” आई पुढे म्हणाली, “चहाचं आधण ठेवते, नवऱ्याशी भांडते आणि बॅग उचलून थेट रत्नागिरीला जाते. गॅस कोणी बंद केला? नवरा तर आधीच पाय आपटत बाहेर गेलेला. मला पुढे काही सुचलंच नाही बाई. समुद्र दाखवतायत, गाणं म्हणतायत, आणि इकडे गॅस चालू.”

त्या सिनेमावर पेपरांत, फोनवर, आमच्या भाच्याच्या साडेतीन ताऱ्यांत जे काही येऊन गेलं, त्यात हा मुद्दा कुठेही नव्हता.

सोमवारी ८.१४. चौथी सीट, अर्धं बूड. ऑफिसच्या दौऱ्यावरून परतलेल्या एकाने विचारलं, “तो मराठी पाहिलात म्हणे. कसा आहे?” काका सावरून बसले. मी सरळ आईचा गॅस पुढे केला.

कांदिवली गेलं, मालाड गेलं. “बंद केला असेल, दाखवला नसेल,” काका म्हणाले. “सगळंच दाखवत बसले तर सिनेमा सहा तासांचा होईल.” मराठीच्या कैवाऱ्यांनी शंका काढली, “पाइपचा गॅस की सिलिंडर?” मी म्हटलं, चाळीतलं घर, सिलिंडरच असणार. “मग संपेल आपोआप,” कोणीतरी म्हणालं. “नवीन लावलेला असेल तर?” “आधण आटलं की पातेलं जळणार.” “खिडकी उघडी होती का?” शोलेचं नावही निघालं नाही. मागचे टाळ थांबले आणि भजनी मंडळातला एक जण वाकून विचारायला लागला, “दूध घातलं होतं का हो चहात?”

बँकवाले मात्र गोरेगावपासून गप्प होते. कपाळावर घाम. मग त्यांनी हळूच फोन काढून घरी लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला.

“मिसेस माहेरी गेलीय,” ते कोणाकडेही न बघता म्हणाले. “मी दूध ठेवलं होतं.”

अंधेरी आलं. सगळं जग आत येत असताना बँकवाले “उतरू द्या, उतरू द्या” करत, बॅग डोक्यावर धरून, उलट्या दिशेने बाहेर पडले. ते कसे पडले हे पाहिलेला माणूस मला अजून भेटलेला नाही.

मी त्यांच्या जागेवर सरकलो. पूर्ण सीट, पाठीला टेकू. गाडी हलली तसे काका खिडकीतून वळले आणि म्हणाले, “गॅसचं राहू दे. एकूण कसा आहे? जायचं की नाही?”

मी डोळे मिटून घेतले आणि चर्चगेटपर्यंत उघडले नाहीत.