जुनी शेवरले विकायचीय? मग जाहिरात अशी लिहा

दारात 1972 ची शेवरले सी-10 पिकअप उभी आहे, बाजार तापलाय आणि तुम्ही खरं सांगून भाव पाडणार? झाकली मूठ सव्वा लाखाची. इथे तर हिशोब डॉलरांत आहे.

सुरुवात 'मॅचिंग नंबर्स'ने करा, म्हणजे इंजिन याच गाडीचं, कारखान्यातून आलेलं. कुठला नंबर कशाशी जुळतो, हे मात्र लिहू नका. व्हिन नंबरातलं, म्हणजे गाडीच्या ओळख क्रमांकातलं, तिसरं अक्षर 'ई' असलं की इंजिन व्ही-8 आहे एवढंच कळतं. 350 घनइंची स्मॉल ब्लॉक होतं की त्याहून थोरलं बिग ब्लॉक, हे त्यात नसतंच. म्हणजे रान मोकळं! '400' चा बिल्ला डकवून द्या. त्या काळी शेवरलेच्या पिकअपवरचं 400 म्हणजे 402 घनइंची बिग ब्लॉक, हे दर्दी गिऱ्हाइकाला पाठ असतं. बोनेट तेवढं उघडू नका. बिग ब्लॉकच्या एकेका टॅपेट कव्हरला सात बोल्ट, स्मॉल ब्लॉकच्या चार. मोजायला शाळकरी पोरही पुरे.

शॉर्ट बेडला, म्हणजे आखूड हौद्याच्या पिकअपला, मागणी जास्त, म्हणून लाँग बेडची चासी कापून आखूड करायची, जोडावर काळा रंग मारायचा आणि 'फॅक्टरी शॉर्ट बेड' म्हणून विकायची. व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, 127 इंचांवरून 115 वर आला की टेपसुद्धा तुमच्याच बाजूने बोलते. एकच चुगलखोर उरतो: ग्लव्ह बॉक्सच्या झाकणाच्या आतला स्टिकर. कारखान्यातून बसवून आलेले ऑप्शन त्यावर असतात, आणि व्हीलबेसही. तेव्हा झाकणच नवं बसवा. स्टिकर कुठे गेला असं कुणी विचारलंच, तर पन्नास वर्षांत कागद टिकतो का हो, असा उलटा सवाल करा. वाकून चासीच्या पट्ट्यांवर बोट फिरवणारा माणूस दिसला, तर चहा विचारा. वेल्डिंगचा उंचवटा बोटाला लगेच लागतो.

गंजाचं काय? गंज नाहीच, 'पॅटिना' आहे, वयाने चढलेली शोभा. ओहायोच्या हिवाळ्यात, रस्त्यावरच्या मिठात वाढलेला ट्रक कोरड्या हवेतला 'ॲरिझोना ट्रक' म्हणून खपवा, टायटलवर, म्हणजे मालकीच्या कागदावर, राज्य कुठलं आहे ते नंतर पाहता येईल. केबिनचे मागचे खालचे कोपरे आणि दाराखालचे रॉकर आधी सडतात. तिथे पत्रा बदलणं खर्चाचं काम, त्यापेक्षा बोटभर पुट्टी थापा, घासा, वर चकचकीत रंग. वरून कीर्तन, आतून तमाशा! लोहचुंबक घेऊन आलेल्याला रंग ताजा आहे, ओरखडे पडतील म्हणून दटावा. पुट्टीवर चुंबक धरत नाही, हे त्यालाही माहीत असतं, पण माणूस भिडस्त निघू शकतो.

मीटरवर 42,000 मैल दिसतात? 'ओरिजिनल' लिहून मोकळे व्हा. मीटर पाच आकडी आहे, लाखानंतर पुन्हा शून्यावर येतं, म्हणजे तुम्ही खोटं असं काही बोललेलाच नाही. ब्रेक पेडलचं रबर झिजून गुळगुळीत झालंय, ते नवं बसवायला विसरू नका. एसीबद्दल 'फक्त गॅस भरायचा आहे' हे वाक्य तर हवंच. तो गॅस आर-12, अमेरिकेत त्याचं उत्पादन 1995 संपता संपता थांबलं, आणि गळका कॉम्प्रेसर कोणता गॅस भरलाय ते बघून गळत नाही. केबिनमध्ये पेट्रोलचा वास येत असेल तर त्याला 'जुन्या गाडीचा अस्सल गंध' म्हणा. टाकी सीटच्या मागेच आहे, हे सांगून घबराट कशाला पसरवायची?

गिऱ्हाईक यायच्या अर्धा तास आधी इंजिन तापवून ठेवा. थंड इंजिन सुरू होताना जे वाजतं आणि जो निळा धूर सोडतं, त्याने सौदे मोडतात.

आणि कुणी बादलीभर पाणी मागितलं तर गाडी विकली गेली म्हणून सांगा. ते पाणी तो काउलच्या, म्हणजे पुढच्या काचेखालच्या पोकळीच्या, जाळीत ओतणार आणि मग डॅशखाली पाय ठेवायच्या जागी टॉर्च मारून बसणार. वर्षानुवर्षं पानं आणि चिखल साचून काउल आतून कुजलं असेल, तर ते पाणी थेट तुमच्या नव्याकोऱ्या कार्पेटवर येतं.