त्याने तीन दिवसांत माझ्या चौदा कथा वाचल्या

आमच्या दिवाणाखाली ६३ पुस्तकं आहेत. सगळी एकाच लेखिकेची. लेखिका मी.

दर दिवाळीला झाडझुडीत खोके बाहेर निघतात, गच्चीवर ऊन खातात आणि परत आत जातात. यंदा ह्यांनी खोका ढकलता ढकलता विचारलं, "ह्यांना अजून किती वर्षं पोसायचं?" त्यात गेल्या महिन्याभरात तिघींचे फोन आले. तिघींनी सुरुवात एकच केली, "ताई, एक एजंट म्हणतोय..." तेव्हा ठरवलं की आता लाज गुंडाळून ठेवायची आणि लिहायचं. ऐका राजेहो.

मी बँकेत ३१ वर्षं काढली, त्यातली शेवटची नऊ कर्ज विभागात. सातबारा, जामीनदाराच्या सह्या, गहाणखताची पानं यातच आयुष्य गेलं. कागदावर कुठे रिकामी जागा सोडलेली असली की मला ती लांबून दिसायची. त्याच बाईने २०१९ साली नागपुरात, धरमपेठेतल्या एका हॉटेलात, समोर डोसा गार होत असताना, चार पानी करारावर न वाचता सही ठोकली.

झालं असं. साहित्याच्या एका व्हॉट्सॲप ग्रुपवर मी माझ्या कथेचा तुकडा टाकला होता. दुसऱ्या दिवशी फोन. "मॅडम, मी लिटररी एजंट बोलतोय." विम्याचा एजंट माहीत होता, आरटीओचा माहीत होता, हा प्राणी नवीन होता. पूर्ण संग्रह मागितला, मी पाठवला. तिसऱ्या दिवशी पुन्हा फोन. चौदाच्या चौदा कथा वाचून झाल्या होत्या, आणि शेवटची वाचून म्हणे त्याला रात्रभर झोप लागली नाही. "तुमच्या लेखनात मातीचा गंध आहे, मॅडम."

आज कळतं की हे वाक्य कोणत्याही कथेला लागू पडतं. फक्त माझी शेवटची कथा विमानतळावर घडते.

पण त्याआधीची नऊ वर्षं सांगितल्याशिवाय माझा मूर्खपणा तुम्हाला कळायचा नाही. नऊ वर्षं मी दिवाळी अंकांना कथा पाठवत होते. दोन छापून आल्या. बाकीच्यांचं काय झालं हे आजवर माहीत नाही. नकारसुद्धा आला नाही. संपादकांना दोष देत नाही. आपल्याकडे बऱ्याच अंकांचा संपादक म्हणजे एकटा माणूस, तोच जाहिराती मागतो, तोच प्रुफं पाहतो, तोच पार्सलं बांधतो. पण ज्याला कोणी उत्तरच देत नाही, त्याला तीन दिवसांत उत्तर देणारा माणूस देवदूत वाटतो. फसवणाऱ्याचं सगळं भांडवल हे एवढंच. त्याला साहित्यातलं काही कळावं लागत नाही. तो फोन उचलतो, बस.

आता हिशेब. नोंदणी फी २,५००. संपादन १८,०००. आयएसबीएन ५,०००. कॉपीराइट ६,०००. आणि "लेखक सहभाग" या गोड नावाखाली ३६,५००. एकूण ६८,००० रुपये, पाच हप्त्यांत. एकदम मागितले असते तर मी दचकले असते, हे त्याला माझ्यापेक्षा जास्त कळत होतं.

एकेक रक्कम सोलून दाखवते, कारण तिघींच्या यादीतही हीच नावं आहेत.

आयएसबीएन भारतात फुकट मिळतो. दिल्लीत केंद्र सरकारची राजा राममोहन रॉय राष्ट्रीय आयएसबीएन एजन्सी आहे, तिच्या पोर्टलवर लेखक स्वतःसुद्धा अर्ज करू शकतो. तो १३ आकडी क्रमांक म्हणजे पुस्तकाचा आधार नंबर समजा. आधार असला म्हणून माणूस गुणी ठरत नाही, तसंच पुस्तकाचं. "आपल्या पुस्तकाला आयएसबीएन मिळाला!" असं म्हणत त्याने मला पेढे मागितले होते. मी दिले.

कॉपीराइट. कथा लिहून झाली त्या क्षणी हक्क तुमचा झाला, त्यासाठी नोंदणी सक्तीची नाही. हौसच असेल तर साहित्यकृतीच्या नोंदणीची सरकारी फी ५०० रुपये आहे. माझ्याकडून ६,००० घेतले आणि ती नोंदणी झालीच नाही.

संपादन. याची तर कथाच व्हावी. मी सगळं जुन्या फॉन्टात टाईप केलं होतं. एजंटच्या माणसांनी ते कुठल्याशा सॉफ्टवेअरमधून युनिकोडमध्ये फिरवलं आणि तसंच छापलं. त्या फेऱ्यात "ऱ्ह" फुटला. माझ्या एका कथेत विधवा बाई कुऱ्हाड उचलते. कुऱ्हाड हा शब्द त्या कथेत अकरा वेळा आहे, म्हणजे पुस्तकात अकरा चौकोन. बाई रात्री उठते आणि कोपऱ्यातला चौकोन हातात घेते. एका मैत्रिणीने मला प्रामाणिकपणे विचारलं की हे प्रतीकात्मक आहे का.

तर हे १८,००० रुपयांचं संपादन. ही युक्ती आपल्याकडची नाही, जुनी आणि आयात केलेली आहे. अमेरिकेत १९९० च्या दशकात एडिट इंक नावाची एक संपादन कंपनी होती. एजंट नव्या लेखकाला सांगत, लेखन छान आहे, फक्त यांच्याकडून संपादित करून आणा. आणि लेखकाने भरलेल्या फीतला वाटा मागच्या दाराने एजंटला मिळे. शेवटी न्यूयॉर्क राज्याच्या ॲटर्नी जनरलने त्यांना कोर्टात खेचलं. म्हणून "लेखन उत्तम आहे, पण आमच्या अमुक एडिटरकडून..." असं कोणी म्हणालं की तो "पण" नीट ऐका.

खरा एजंट कसा असतो, हे मी पैसे गेल्यावर शोधलं. इंग्रजी जगात तो खरंच असतो आणि कामाचा असतो. तो तुमचं पुस्तक प्रकाशकाला विकतो आणि विकलं गेल्यावर तुमच्या कमाईतून कमिशन घेतो, साधारणपणे आपल्या देशात विकलं तर १५ टक्के, परदेशी किंवा अनुवादाच्या हक्कांवर २० च्या आसपास. पुस्तक नाही विकलं तर त्यालाही शून्य. अमेरिकेतल्या एजंटांच्या संघटनेच्या आचारसंहितेत तर हस्तलिखित वाचायची फी घ्यायलाच मनाई आहे. म्हणजे पैसा प्रकाशकाकडून निघतो आणि लेखकाकडे येतो, वाटेत एजंट आपला हिस्सा काढून घेतो. माझ्या बाबतीत तो उलटा वाहत होता. बँकेत असते तर पहिल्याच व्हाउचरला मी विचारलं असतं, बाबा, नावे कोणाच्या आणि जमा कोणाच्या?

आणि मुळात मराठीत एजंट लागतोच कशाला? आपले प्रकाशक हस्तलिखित थेट घेतात. आवडलेल्या पुस्तकाचं पहिलं पान उलटा, पत्ता आणि फोन तिथेच छापलेला असतो. एक साधं पत्र आणि दोन कथा पाठवा. सहा महिने लागतील, कदाचित उत्तर येणारही नाही, ते दुखेल. पण दुखण्याचे पैसे पडत नाहीत. पहिलंच पुस्तक असेल तर राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना आहे. हे मला ६८,००० भरून झाल्यावर झाशी राणी चौकात, विदर्भ साहित्य संघात भेटलेल्या एका म्हाताऱ्या वाचकाने चहा पिता पिता सांगितलं. संघ १९२३ पासून आहे, माझ्या घरून मेट्रोने वीस मिनिटं. मी आधी गेले नव्हते, कारण तिथले लोक मोठे, आपल्याला कोण विचारणार, असं वाटायचं. हा संकोच मला सगळ्यात महाग पडला.

स्वतःचे पैसे घालून पुस्तक काढण्यात मात्र काही पाप नाही, हेही सांगते, कारण कमेंटमध्ये कोणीतरी म्हणेलच. दसऱ्याला दीक्षाभूमीवर जा. पुस्तकांचे केवढे स्टॉल लागतात! त्यातच कोणी सतरंजी टाकून स्वतः लिहिलेली, स्वतः छापलेली पुस्तिका विकत बसलेला असतो. मागे एकाला मी विचारलं, दादा, परवडतं का? तो म्हणाला, "ताई, प्रेसवाल्यानं नग बावीस रुपयाले देल्ला. मी चाळीसले विकतो. उरले तं पुढच्या साली." प्रती किती, खर्च किती, उरल्या किती, सगळं त्याला तोंडपाठ. माझ्या पुस्तकाच्या किती प्रती छापल्या हे मला आजही ठाऊक नाही. करारात ५०० होत्या, घरी १०० आल्या. बाकीच्या "डिस्ट्रिब्युशनला" गेल्या. बर्डीवरच्या पुस्तकांच्या दुकानांत मी गिऱ्हाईक बनून स्वतःचं पुस्तक मागितलं. दोघांनी नाव लिहून घेतलं. तिसरा म्हणाला, "असं पुस्तक निघालं नाही, मॅडम."

ह्यांचं म्हणणं वेगळंच. "कूलरची खस बदलायला येतो त्या पोराशी पन्नास रुपयांसाठी अर्धा तास भांडतेस, आणि त्या माणसाला एक प्रश्न विचारला नाहीस?" नाही विचारला. साहित्यात पैशाचं बोलणं हलकट वाटतं ना आपल्याला. सरस्वतीच्या देवळात लक्ष्मीचा हिशेब कसा मागायचा! तो मात्र मागत होता, दर महिन्याला, गुगल पे वर.

मग पुरस्कार. नावात "राष्ट्रीय" आणि "रत्न" दोन्ही होतं. प्रवेशिका ३,१००, शाल-श्रीफळ-स्मृतिचिन्ह त्यांचं. हो, तिथेही गेले. एका दुपारी साठेक रत्नं होतो आम्ही. माझ्या स्मृतिचिन्हावर नाव दुसऱ्याच बाईचं निघालं. तिचा फोन नंबर शोधून आम्ही अदलाबदल केली. आता ती माझी चांगली मैत्रीण आहे, एवढाच काय तो लाभ.

डोळे उघडले ते भाचीमुळे. ती वकील आहे. माझ्या एका कथेवर कॉलेजच्या मुलांना एकांकिका करायची होती, आणि हा गृहस्थ परवानगीचे दहा हजार मागू लागला. मी भाचीला करार दाखवला. "मावशी, तू ह्याच्यावर सही केलीस? बँकेत होतीस ना तू?" सगळ्या भाषांतले, नाटकाचे, सिनेमाचे, वेब सिरीजचे हक्क मी त्याच्या नावे करून बसले होते. पण कुठूनतरी उतरवून काढलेल्या त्या करारात मुदतीची जागा कोरी राहिली होती. आणि १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम १९ म्हणतं की मुदत लिहिलेली नसेल तर हक्क पाच वर्षांपुरतेच दिले असं धरायचं. प्रदेश लिहिलेला नसेल तर फक्त भारत. शिवाय करारात वेगळं काही म्हटलेलं नसेल आणि दिलेला हक्क वर्षभरात वापरला नाही, तर त्या हक्कापुरतं ते देणं संपतं. भाचीने एक पत्र लिहिलं, गृहस्थ गप्प झाला, मुलांनी एकांकिका केली. २०२४ मध्ये पाच वर्षं भरली. माझ्या कथा त्याच्या आळसाने वाचल्या, माझ्या हुशारीने नाही. त्याने तिथे "कायमस्वरूपी" एवढा एक शब्द लिहिला असता तर? म्हणून मुदत, भाषा, प्रकार, रॉयल्टी आणि छापायच्या प्रती, या पाच जागा बघितल्याशिवाय पेनचं टोपण काढू नका.

हल्ली नवीन प्रकार सुरू झालाय. त्या रत्न मैत्रिणीला न्यूयॉर्कच्या एजंटची ईमेल आली. तिच्या कादंबरीतल्या पात्रांची नावं बरोबर, कौतुक दीड पान. कादंबरी मराठीत, अनुवाद झालेला नाही, मग त्याने वाचली कशी? एआयला पुस्तकाच्या मागच्या पानावरचा मजकूर खिलवला की असं कौतुक अर्ध्या मिनिटात निघतं. शेवटी फी डॉलरमध्ये. अशा वेळी पत्ता अक्षर न् अक्षर वाचा. फिलिप्पो बर्नार्दिनी नावाच्या, लंडनमध्ये प्रकाशन संस्थेत काम करणाऱ्या एका तरुणाने काही वर्षं हेच केलं. खऱ्या एजंटांच्या आणि संपादकांच्या नावाने १६० हून अधिक खोटे डोमेन काढले, "एम" च्या जागी "आर" आणि "एन" शेजारी शेजारी टाकून, म्हणजे घाईत फरक दिसू नये. हजारावर अप्रकाशित हस्तलिखितं मिळवली. २०२२ च्या जानेवारीत न्यूयॉर्कच्या विमानतळावर पकडला गेला, पुढच्या वर्षी गुन्हा कबूल केला. त्याने पैसे मागितलेच नव्हते. मुरलेले लोकही त्याला फसले, तिथे आपण कोण.

तिघींना मी एकच काम सांगितलं. त्या एजंटला म्हणा, तुम्ही काढून दिलेली पाच पुस्तकं आणि त्यांच्या लेखकांचे नंबर द्या. त्या लेखकांना "पुस्तक छान आहे का" हे विचारू नका, "तुम्ही किती भरले आणि रॉयल्टी किती आली" हे विचारा. पहिलीला त्याने ब्लॉक केलं. दुसरीला "तुमचा साहित्यावर विश्वास नाही" असं ऐकवलं. तिसरीने अजून विचारलेलं नाही. तिला तो फार आवडलाय, त्याने तिच्या कविता दोन दिवसांत वाचल्या.

कोणाकडे असा करार आला असेल तर फोटो काढून इनबॉक्समध्ये पाठवा, नावं झाकून. मी वाचून देईन, नड वाटली तर भाचीला दाखवीन. फी नाही. ६३ प्रतींपैकी एक हवी असेल तर प्रतापनगरला येऊन घेऊन जा, चौकोन मी पेनने दुरुस्त करून देते. पण दुपारी एक ते चार येऊ नका, आणि इनबॉक्समध्ये करारच पाठवा. कविता नको.