वागणूक पूर्ववत

नाशिकच्या गंगापूर रोडला आमच्या गल्लीतला रस्ता पाइपलाइनसाठी खोदला आणि मग 'पूर्ववत' केला. तेव्हापासून स्कूटर तिथे पोचली की मागे बसलेली बायको वीतभर वर जाते आणि पूर्ववत खाली येते. या शब्दाची मी धास्तीच घेतली आहे. रविवारी सकाळी आलेल्या पॅचवर, म्हणजे माझ्या कोडमध्ये सुचवलेल्या बदलांवर, 'फक्त साफसफाई, वागणूक पूर्ववत' असं वाचलं आणि मिसळीचा घास हातातच राहिला.

मी हौसेने ८०८५ चा एक ओपन सोर्स एम्युलेटर, म्हणजे त्या चिपची नक्कल करणारा सगळ्यांना खुला प्रोग्राम, सांभाळतो. ८०८५ म्हणजे इंटेलने १९७६ मध्ये काढलेला ८ बिटी प्रोसेसर. डिप्लोमाला ज्याच्या किटवर हेक्स (सोळाच्या पायाचे) आकडे बडवताना घाम फुटायचा, तोच. नासाची सोजर्नर गाडी १९९७ मध्ये मंगळावर हिंडली ती याच्याच ८०सी८५ या भावंडाच्या जोरावर. (तिकडे पाइपलाइन नाही, ही तिची मोठी सोय.)

पॅच पाठवणारा पोरगा हुशार. माझा २५६ केसेसचा स्विच (दर सूचनेला एक फाटा), जो मी ठिगळं लावलावून गोधडीसारखा वाढवला होता, त्याने छोट्या छोट्या फंक्शनांत घडी घालून ठेवला होता. वर 'काका, बघून घ्या' अशी चिठ्ठी. डिफमध्ये, म्हणजे बदलांच्या यादीत, नऊशे लाल (काढलेल्या) ओळी, तीनशे हिरव्या (नव्या). लाल सगळ्या माझ्या.

मी आधी डीएए गाठलं. दशांश बेरजेची ही सूचना, इथे भलेभले घसरतात. २९ आणि १८ मिळवले की प्रोसेसर हेक्समध्ये ४१ म्हणतो. हातचा ऑक्झिलरी कॅरी या फ्लॅगमध्ये, म्हणजे एका बिटाच्या खुणेत, बसलेला असतो, तो बघून डीएए आणखी ६ घालतं आणि ४७ होतात. फ्लॅग हरवला की ४१ चे ४१. मी कागदावर मांडत बसलो.

"कसला हिशेब चाललाय रे एवढा वेळ?" आईने स्वयंपाकघरातून विचारलं.

"एकोणतीस आणि अठरा."

"सत्तेचाळीस," ती म्हणाली आणि लसूण सोलायला लागली. थोड्या वेळाने बायकोला हळूच, "याची नोकरी नीट चाललीये ना गं?"

डीएए बरोबर निघालं.

मूव्हकडे मी बघणारच नव्हतो. एकीकडचं उचलून दुसरीकडे ठेवायचं, त्यात काय बिघडणार? आठ जागा, आठे आठे चौसष्ट, ४० पासून ७एफपर्यंत सलग ओपकोड, म्हणजे सूचनांचे क्रमांक. पोराने चौसष्टही एका ओळीत बसवले होते. ओळ इतकी देखणी की मला माझीच लाज वाटली. पण मूव्ह त्रेसष्टच असतात. ७६ वर हिशेबाने मूव्ह एम,एम यायला हवं, म्हणजे मेमरीतली वस्तू उचला आणि तिथेच ठेवा. त्या जागी इंटेलने हॉल्ट बसवलंय. थांब. साफसफाईत नेमकं 'थांब'च झाडलं गेलं होतं.

चालवून पाहिलं. प्रोग्रामने बेरीज केली, थांबायच्या जागी आला, वस्तू उचलून तिथेच ठेवली आणि पुढे निघाला. पुढे रिकामी मेमरी, सगळी शून्यं. शून्य म्हणजे नॉप, काही न करता पुढे सरका. सरकत सरकत ६५,५३५ व्या पत्त्यापर्यंत गेला, तिथून परत शून्यावर, आणि पुन्हा तीच बेरीज. संध्याकाळी द्वारका चौकात एक वळण चुकलेला माणूस जसा.

टेस्ट मात्र हिरवीगार, म्हणजे पास. हजार पावलं मोजायची आणि अ‍ॅक्युम्युलेटर बघायचा, म्हणजे बेरजेचं उत्तर जिथे असतं ती जागा, एवढंच ती करते. लिहिलीये मीच, त्यामुळे ओरडायचं कोणावर हा प्रश्न आपोआप सुटला.

पोराला कळवलं. दहा मिनिटांत त्याने दुरुस्ती पाठवली. त्या देखण्या ओळीच्या आधी एक इफ: ७६ असेल तर थांब. मी ते मूळ कोडमध्ये मर्ज केलं. आता कोड वाचत खाली येताना तेवढ्या जागी नजर वीतभर उडते आणि पूर्ववत खाली बसते.