मान उचलता येते का?

भारतीय परिचर्या परिषदेनं २०२१ मध्ये बी.एस्सी. नर्सिंगचा अभ्यासक्रम बदलला. सत्र पद्धत आली, क्रेडिट आले, सिम्युलेशन (पुतळ्यावर किंवा बनावट रुग्णावर सराव) आणि ओएससीई (एकेक काम परीक्षकासमोर करून दाखवायची परीक्षा) आली, आणि पाठोपाठ कॉलेजांमध्ये ‘प्रॉब्लेम बेस्ड लर्निंग’ (पीबीएल, म्हणजे रुग्णाच्या अडचणीपासून शिकणं) आणि ‘क्रिटिकल थिंकिंग’च्या कार्यशाळा सुरू झाल्या. माझ्या बॅचच्या काही जणी आज महाराष्ट्रात नर्सिंग कॉलेजांत शिकवतात, काही सरकारी रुग्णालयांत परिसेविका, म्हणजे वॉर्ड सांभाळणाऱ्या सिस्टर आहेत. मी इंग्लंडमधल्या एका रुग्णालयात, मेडिकल वॉर्डवर येणाऱ्या विद्यार्थ्यांना आणि नव्यानं रुजू झालेल्या परिचारिकांना शिकवते. कॉलेजात शिकवणाऱ्या मैत्रिणींचं म्हणणं, आपली मुलं पाठ करतात, विचार करत नाहीत. पीबीएल आलंच पाहिजे. परिसेविका म्हणतात, आधी हात बसू दे. जिला सलाईन लावता येत नाही तिला चर्चेला कशाला बसवता? मग दोन्हीकडून मला विचारणा होते: तुमच्याकडे कसं करतात?

मला दोघींचंही थोडं थोडं पटतं. पण सर्वांत महत्त्वाच्या गोष्टीला या वादात कुणी हातच घालत नाही. आपली परिचारिका विचार करते. तो विचार ऐकून घ्यायची सोय आपल्या रुग्णालयांत नाही. ती होत नाही तोवर वर्गात कितीही पीबीएल केलं तरी ते वर्गातच राहणार.

पीबीएलची पद्धत रुजली कॅनडातल्या हॅमिल्टनमध्ये. मॅकमास्टर विद्यापीठाच्या नव्या वैद्यकीय शाखेनं १९६९ पासून व्याख्यानांऐवजी रुग्णाच्या अडचणीपासून शिकवायला सुरुवात केली. पुढं नेदरलँड्समधल्या मास्ट्रिख्ट विद्यापीठानं तिला सात पायऱ्यांची शिस्त लावली, आणि हळूहळू नर्सिंगनंही ती उचलली. आठ-दहा जणांचा गट, समोर एक केस, आणि व्याख्यान न देणारा शिक्षक. आपल्याला काय कळतंय, काय कळत नाही, काय वाचावं लागेल हे गटानंच ठरवायचं, वाचून यायचं आणि पुन्हा बसायचं.

मी एक केस सांगते. ती इंग्लंडमधली नाही, विदर्भातली आहे. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर दगावले आणि शेकडो रुग्णालयांत दाखल झाले, ते आपल्याला आठवत असेल. समजा, असाच एक पस्तिशीतला माणूस कपाशीवर फवारणी करून आला आहे. घामानं निथळतोय, तोंडातून लाळ, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, छातीत घरघर, नाडी मंद. गट बसतो. ऑर्गॅनोफॉस्फेट म्हणजे फवारणीतलं कीटकनाशक, त्यावर उतारा म्हणून अ‍ॅट्रोपिन, छाती मोकळी होईपर्यंत डोस, हे सगळं पुस्तकात सापडतं. कपडे काढून अंग साबणानं धुवायचं, आणि ते धुताना आपण हातमोजे घालायचे, हे कुणीतरी विचारल्यावर सुचतं. अ‍ॅट्रोपिन जास्त झालं तर रुग्ण तापतो, बडबडतो, कॅथेटर उपटतो. मग ती विषाची लक्षणं की औषधाची? इथं गट अर्धा तास भांडतो, आणि भांडायलाच हवं.

मग शिक्षक पुढचं पान देतो. तिसरा दिवस. घाम नाही, लाळ नाही, नाडी नव्वद. घरचे डबा घेऊन आलेत. रुग्ण म्हणतो, “सिस्टर, उशी जरा वर करा, मान धरत नाही.”

पाठ केलेली मुलगी उशी वर करते. विचार करणारी मुलगीही उशी वर करते, पण आधी म्हणते, “दादा, उशीवरून डोकं उचलून दाखवा बरं.” त्याला उचलता येत नाही. ती मिनिटभर उभी राहून श्वास मोजते, तो किती खोल जातोय ते बघते आणि डॉक्टरांना बोलावते. कारण या विषात पहिली लक्षणं ओसरल्यावर, साधारण २४ ते ९६ तासांत, मानेचे आणि मग श्वासाचे स्नायू दुबळे पडू शकतात. श्रीलंकेतल्या डॉक्टरांनी १९८७ मध्ये हे नीट मांडलं. मान न उचलता येणं ही त्याची फार लवकर दिसणारी खूण आहे. ती हेरली तर व्हेंटिलेटर वेळेवर लागतो.

आता माझं म्हणणं ऐका. विदर्भातल्या कुठल्याही जिल्हा रुग्णालयात मेडिसिन वॉर्डला वर्षानुवर्षं काम केलेल्या सिस्टरला हे माहीत असतं. तिला पीबीएल कुणी शिकवलेलं नसतं. एका शिफ्टला चाळीस-पन्नास रुग्ण सांभाळताना कुणाकडे आधी जायचं, हे ती दर पाच मिनिटांनी ठरवत असते. रुग्णाकडे बघून असा निर्णय घेणं, यालाच तर क्लिनिकल जजमेंट म्हणतात. पण ती फोन करून सांगते, “सर, त्या पेशंटची मान धरत नाहीये,” आणि पलीकडून येतं, “सॅच्युरेशन किती? सत्त्याण्णव? मग बघू राउंडला.” बोटाला लावलेल्या चिमट्यावरचा हा ऑक्सिजनचा आकडा बराच वेळ चांगला राहतो आणि शेवटी एकदम घसरतो, हे तिला ठाऊक असतं. पुढं काय करायचं याची वाट मात्र तिला कुणीच आखून दिलेली नसते. दुसऱ्या कुणाला फोन करायचा तर ती आगाऊ ठरते. तिच्यासोबत पोस्टिंगला असलेली विद्यार्थिनी हे सगळं बघते. त्या एका फोनमधून ती जे शिकते ते पुसून काढायला एक सत्र पुरत नाही.

इथं, इंग्लंडमध्ये, फरक दिसतो तो या ठिकाणी. नाडी, श्वास, रक्तदाब, ऑक्सिजन, ताप, शुद्ध यांना गुण देऊन एक आकडा काढतात, त्याला न्यूज-टू म्हणतात. रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सनं २०१२ मध्ये तो आणला, २०१७ मध्ये सुधारला. पाच झाले की तातडीनं तपासणी, सात किंवा जास्त झाले की अतिदक्षतेचं कौशल्य असलेल्या पथकाला बोलवायचं. बोलावणारी नोकरीला लागून आठवडा झालेली असो, तिला कुणी अडवत नाही. आणि त्याच मार्गदर्शनात आणखी एक गोष्ट आहे, ती मला जास्त मोलाची वाटते: आकडा कमी असला तरी परिचारिकेला काळजी वाटत असेल तर रुग्ण तपासायला यायचंच. विद्यार्थ्यांची गणना मनुष्यबळात करायची नाही असा नियम आहे. पात्र होण्यासाठी किमान २,३०० तास प्रत्यक्ष कामातले लागतात आणि ते शिकण्यासाठी असतात.

म्हणून सगळं इथलं उचलून तिकडं न्यावं, असं मी म्हणणार नाही. विद्यार्थ्यांना मनुष्यबळात न धरण्याचा नियम कागदावर असतो आणि माणसं कमी पडली की विद्यार्थिनी दिवसभर अंथरुणं बदलत राहते. मी हे बघते आणि त्यावर भांडतेही. शिवाय आकड्याचीही सवय लागते. ‘स्कोअर एक आहे’ म्हटलं की काही जणी रुग्णाकडे बघायचं थांबतात. बीटा-ब्लॉकर, म्हणजे नाडी मंद ठेवणारं औषध घेणाऱ्या म्हाताऱ्याची नाडी जंतुसंसर्गातही फारशी वाढत नाही, म्हणजे त्याचा आकडा खोटं सांगतो. रुग्ण नव्यानं गोंधळल्यासारखा वागू लागला तर त्याला तीन गुण आहेत. पण आजोबा फक्त गुजराती किंवा मराठी बोलणारे असले तर ते गोंधळलेत हे इंग्रजी बोलणाऱ्या नर्सला कळणार कसं? शेजारी बसलेली आजी सांगत असते, “हे असे नाहीत हो एरवी.” तिचं ऐकावं लागतं. न ऐकल्याची किंमत या देशानं मोजली आहे. मार्था मिल्स ही १३ वर्षांची मुलगी २०२१ मध्ये सेप्सिसनं, म्हणजे जंतुसंसर्ग अंगभर भिनून, गेली. तिच्या आईवडिलांनी पुन्हा पुन्हा सांगितलेली काळजी मनावर घेतली गेली नव्हती. त्यांच्या लढ्यातून २०२४ पासून इंग्लंडमध्ये मार्थाज रूल लागू होऊ लागला: घरचे किंवा कर्मचारी थेट दुसऱ्या पथकाकडून तपासणी मागू शकतात. म्हणजे पीबीएल, सिम्युलेशन सगळं असूनही शेवटी ऐकून घेण्याचा नियमच करावा लागला.

ऐकून घेण्याचं आणि निर्णयावर विश्वास टाकण्याचं सर्वांत चांगलं उदाहरण मात्र मला इंग्लंडमध्ये सापडत नाही, गडचिरोलीत सापडतं. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेनं नव्वदच्या दशकात ३९ गावांत नवजात बाळांची घरीच काळजी घेण्याचा प्रयोग केला. जेमतेम शाळा शिकलेल्या गावातल्याच बायका बाळाचा श्वास मोजत, अंग गार पडलंय का, दूध ओढतंय का बघत आणि जंतुसंसर्ग ओळखत. ओळखल्यावर घरच्यांच्या संमतीनं जेंटामायसिन या प्रतिजैविकाचं इंजेक्शनही देत. नवजात मृत्यूंचं प्रमाण निम्म्याहून जास्त घटलं. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये ते प्रसिद्ध झालं. या बायकांना निर्णय घ्यायला शिकवलं होतं हे खरंच, पण निर्णय अंमलात आणायची मुभाही त्याच दिवशी दिली होती. चार वर्षांची पदवी घेतलेल्या आपल्या परिचारिकेला ती मुभा नसावी, याचं मला अतिशय वाईट वाटतं.

आता वर्गाबद्दल. परिसेविकांचं ‘आधी हात बसू दे’ मला पहिल्या वर्षापुरतं पूर्ण मान्य आहे. ज्याला नॉर्मल श्वास किती हे माहीत नाही त्याला चर्चेत काहीच दिसणार नाही. आणि पीबीएलनं माहितीच्या परीक्षेत गुण वाढतात असा दावाही करू नये. अनेक अभ्यास एकत्र तपासले तेव्हा असं दिसलं, की माहितीत हे विद्यार्थी थोडे मागेही पडू शकतात. शिकलेलं वापरण्यात मात्र ते सरस ठरतात. म्हणून दुसऱ्या वर्षापासून, कमी केसेस आणि नीट.

आणि चर्चा मराठीत करा. हे मी फार मनापासून सांगते आहे. बीड, नंदुरबार, चंद्रपूरहून मराठी शाळेतून आलेली मुलगी इंग्रजी चर्चेत गप्प बसते आणि शिक्षक लिहितात, ‘सहभाग कमी’. तिच्या डोक्यात उत्तर तयार असतं. मण्यार चावलेला माणूस पहाटे पोटदुखीनं येतो, दंश दिसत नाही, पापण्या जड होतात, हे तिनं गावात बघितलेलं असतं. पेपर इंग्रजीत लिहू दे, औषधांची नावं इंग्रजीत राहू दे, पण वाद तिच्या भाषेत घालू दे. केसही तिच्याच जिल्ह्याच्या हव्यात: सिकलसेल, सर्पदंश, फवारणी, घरी झालेली बाळंतपणं. इथल्या मॉड्यूलची पीडीएफ मागणाऱ्या मैत्रिणींना मी हेच सांगते.

पद्धत कुठलीही असो, तिचीही घोकंपट्टी होऊ शकते, हे विसरून चालणार नाही. परदेशात शिकलेल्या परिचारिकांना इंग्लंडमध्ये नोंदणीसाठी ओएससीई द्यावी लागते, तिची वाक्यंच्या वाक्यं पाठ करून आलेल्या आपल्या मुली मी बघते. पास होतात. मग वॉर्डवर पहिल्याच आठवड्यात डॉक्टरांना फोन करायची वेळ आली की हात थांबतो. ‘मी त्रास देतेय का?’ ही भीती त्यांनी घरून आणलेली असते, आणि ती घालवायला मला बाकी सगळ्यापेक्षा जास्त वेळ लागतो.

१९४७ च्या कायद्याच्या जागी २०२३ मध्ये नर्सिंग आणि मिडवायफरीच्या राष्ट्रीय आयोगाचा कायदा झाला. त्याच वर्षीच्या केंद्रीय अर्थसंकल्पात १५७ नवी नर्सिंग कॉलेजं जाहीर झाली, तीही वैद्यकीय महाविद्यालयांना जोडून. इमारती होतील. मला दोनच मागण्या करायच्या आहेत. पहिली: परिचारिकेनं ‘काळजी वाटते’ असं केसपेपरवर वेळेसह लिहिलं तर ठरावीक मिनिटांत डॉक्टरांनी येऊन त्याखाली उत्तर लिहायचं, आणि ते आले नाहीत तर पुढचा फोन कुणाला करायचा हे वॉर्डच्या भिंतीवर लावायचं. याला ना लॅब लागते ना पैसा.

दुसरी मागणी प्रश्नपत्रिकेची. आज विद्यापीठाच्या पेपरात केस असते, पण नावाला: ‘४५ वर्षांचे गृहस्थ सीओपीडीनं (फुप्फुसाच्या जुनाट आजारानं) दाखल झाले आहेत’, आणि खाली व्याख्या, कारणं, नर्सिंग मॅनेजमेंट. वरची ओळ खोडली तरी उत्तर बदलत नाही. त्याऐवजी विचारा: रात्रपाळीला चार रुग्ण, हे त्यांचे चार्ट, हे नातेवाइकांचं म्हणणं, आधी कुणाकडे जाल, का, आणि डॉक्टरांना फोनवर नेमकं काय सांगाल? असा एक प्रश्न वीस गुणांचा सक्तीचा झाला, तर पुढच्या सत्रापासून प्रत्येक कॉलेज तो शिकवायला लागेल.