खिडकीचं बटण

वरच्या मजल्यावरचे अप्पा काल माझ्याकडे एका पानाची प्रिंट काढायला आले. एका पानाची. ती आज दुपारपर्यंत निघाली नव्हती, आणि मधल्या वेळात मी माझ्याच कॉम्प्युटरला पारखा झालो.

अप्पांचं वय 78. ज्येष्ठांसाठीचा कॉम्प्युटरचा वर्ग त्यांनी नुकताच पुरा केलाय आणि बगलेत कायम एक दोनशेपानी वही असते. वहीत सगळं मराठीत. विंडोज की म्हणजे ‘खिडकीचं बटण’. माउस मात्र माउसच. “उंदीर लिहिलं की हात लावायला किळस येते,” असं त्यांनीच सांगितलं.

खुर्ची ओढायच्या आधीच ते स्क्रीनकडे बघून थबकले.

“हे काय रे?”

“डेस्कटॉप, अप्पा.”

“ते कळलं. पण जमीन कुठंय?”

मग त्यांनी माझे आयकॉन मोजायला घेतले. काचेवर बोट टेकवून. स्क्रीनला कुणी बोट लावलं की माझ्या पोटात गोळा येतो, पण वयाचा मान. साठाच्या आसपास आकडा चुकला, तर पुन्हा पहिल्यापासून. मधून मधून नावं मोठ्यानं वाचत होते : “‘अंतिम’. ‘अंतिम 2’. ‘अंतिम खरं’. ‘नवीन फोल्डर (7)’. ‘हे आधी बघ’. बघितलंस का?”

“नाही अजून.”

“तारीख तर दोन वर्षांपूर्वीची दाखवतोय. असो. एकूण 93.” त्यांनी आकडा वहीत टिपला. कशासाठी, ते मला अजून कळलेलं नाही.

आता माझी बाजू सांगतो, कारण काल कुणी ऐकून घेतली नाही. तो पसारा नव्हता. डावीकडे वर रोजची कामं, उजवीकडे खाली ज्यांच्याकडे बघवत नाही ती कामं, आणि मध्ये वॉलपेपरवरची हिरवी टेकडी दिसेल एवढी मोकळी जागा. कुठे काय आहे हे मला डोळे मिटून सांगता आलं असतं. “ती टेकडी कॅलिफोर्नियातली,” अप्पा म्हणाले. “फोटो 1996 सालचा. चार्ल्स ओरिअर म्हणून छायाचित्रकार होता, त्यानं गाडी थांबवून काढला. विंडोज एक्सपीबरोबर 2001 मध्ये तो घरोघरी गेला. तिथे नंतर द्राक्षाचे वेल लागले. जग पुढे गेलं, तू तिथंच आहेस.” वहीचं पान बारा.

“अप्पा, तुमची प्रिंट...”

“होईल रे. आधी हे बेसिक बघून घे.”

‘बेसिक’ हा त्यांचा लाडका शब्द. माझा असा अनुभव आहे की माणूस ज्या गोष्टीला बेसिक म्हणतो, ती त्याला गेल्याच महिन्यात कळलेली असते. पण हे मनात. तोंडानं मी “हं” म्हणालो आणि तिथंच फसलो.

“खिडकी-डी!” त्यांनी दाबलं. उघड्या सगळ्या खिडक्या खाली गेल्या, त्यात माझं अर्धवट लिहिलेलं पत्रही. “खिडकी-डी!” सगळ्या वर. खाली, वर, खाली, वर. मला गरगरायला लागलं. “खिडकी-व्ही!” इथे त्यांनी विचारलं न विचारलं आणि क्लिपबोर्डची हिस्टरी चालू करून टाकली. “कॉपी केलेल्या शेवटच्या 25 गोष्टी लक्षात ठेवतं. माझ्या स्वतःच्या इतक्या राहत नाहीत.” हे खरंच उपयोगी आहे, नाकारत नाही. आज सकाळपासून चारदा वापरलं. अप्पांना सांगणार नाही.

मग “खिडकी-एल!” आणि स्क्रीनला कुलूप.

“टाक पासवर्ड. मी बघत नाही.” अप्पांनी भिंतीकडे तोंड केलं. इतकी सभ्यता दाखवल्यावर काय बोलणार? मी टाकला.

“चारच वाजले,” भिंतीकडून आवाज आला.

“काय?”

“बटणं. चारच वाजली. पासवर्डला निदान बारा तरी वाजायला हवीत.”

“अप्पा, तो पासवर्ड नाही, पिन आहे. ह्या मशीनपुरताच चालतो.”

“आणि शेवटची दोन एकाच जागी वाजली. आकडा दोनदा आहे.”

होता. मी रात्री बदलला. नवा पिन सकाळी आठवेना, ती कथा सोडून देतो.

एवढ्यावर थांबले असते तर मी हा लेख लिहिला नसता. पण जाता जाता अप्पा म्हणाले, “मोकळी जमीन कशी दिसते ते एकदा बघ,” आणि मोकळ्या जागेवर उजवं क्लिक करून कुठलीशी टिक काढली.

93 च्या 93 गेले. नुसती टेकडी.

“अप्पा! कुठे गेले?”

“कुठेही गेलेले नाहीत. आहेत, पण दिसत नाहीत.” एवढं बोलून, वही मिटून ते घरी गेले. त्यांच्या मालिकेची वेळ झाली होती.

उंटावरचा शहाणा निदान उंटावर तरी बसून राहतो. मी पुढचे दोन तास त्या टेकडीवर चरत होतो. रिसायकल बिन उघडावं म्हटलं, तर तोही डेस्कटॉपवरच असतो, म्हणजे तोही गायब. उजवं क्लिक केलं, ‘व्ह्यू’मध्ये गेलो. लार्ज आयकॉन्स, मीडियम आयकॉन्स, स्मॉल आयकॉन्स. नसलेल्या वस्तूंचं माप मला विचारत होते. मी लार्ज निवडलं, म्हटलं मोठे केले तर दिसतील. मग ‘ऑटो अरेंज’ निवडलं. तेवढ्यात सगळी स्क्रीन पिवळी पडली. अप्पांनी मधेच केव्हातरी नाइट लाइट सूर्यास्ताला जोडून ठेवला होता. पत्राला कावीळ.

अप्पांवर राग आहेच, पण सगळा त्यांच्यावर काढणं बरोबर नाही. वस्तू जागच्या हलवायची ही सवय मुळात मशीनचीच. 1995 साली स्टार्ट बटण आलं. बंद करायलाही ‘स्टार्ट’च दाबायचं, हे आपण निमूट गिळलं. 2012 मध्ये विंडोज 8 मधून ते बटणच काढून घेतलं. लोक ओरडले, तेव्हा 2013 मध्ये 8.1 बरोबर परत आणून ठेवलं. 2021 मध्ये विंडोज 11 आलं, आणि कोपऱ्यातलं बटण मध्यावर येऊन बसलं. डावीकडे नेता येतं, नाही असं नाही : सेटिंग्ज, पर्सनलायझेशन, टास्कबार, टास्कबार बिहेविअर्स, अलाइनमेंट, लेफ्ट. पण मी टास्कबार वर्षानुवर्षं स्क्रीनच्या माथ्यावर ठेवत आलो होतो, आणि ही आवृत्ती आली तेव्हा ती सोयच नव्हती. ह्याला म्हणे पर्सनलायझेशन! पर्सन मी, आणि माझ्या बटणाची जागा दुसरंच कुणी ठरवणार. वर कुणाकडे कुरकुर करावी तर उत्तर ठरलेलं : “तुम्ही सेटिंग बघितलं नाही का?” बघितलं हो. सेटिंग बघण्यातच चाललंय आयुष्य. टेबलाचे खण रात्रीतून कुणी उजवीकडून डावीकडे हलवले असते, तर आपण पोलिसात गेलो असतो.

आज सकाळी अपमान गिळून वर गेलो. अप्पांनी दार न उघडता आतूनच सांगितलं, “पान नऊ. व्ह्यू. सगळ्यात खाली. ‘शो डेस्कटॉप आयकॉन्स’.”

सगळ्यात खाली होतं. मी तिथवर पोचलोच नव्हतो.

टिक केली आणि 93 जण परत आले. पण लार्ज. टेकडीचा मागमूस नाही, स्क्रीनवर मावतील तेवढे हातभर मोठे, आणि ऑटो अरेंजनं डावीकडून रांगेत दाटीवाटीनं उभे केलेले. ज्यांच्याकडे बघवत नव्हतं ते थेट डोळ्यांसमोर. माझी बसवलेली घडी पार गेली, आणि तिचा नकाशा माझ्या हाताखेरीज कुठेच नव्हता.

दुपारी अप्पा पुन्हा आले, प्रिंटसाठी. त्यांची फाइल मी उजवीकडे खालून दुसरी ठेवली होती. आता ती कुठे? “खिडकी दाब आणि नाव टाइप कर,” ते म्हणाले. नाव त्यांनीच ठेवलेलं : ‘स्कॅन 1’. त्या नावाच्या चार निघाल्या. चौथी त्यांची.

फाइल उघडत होतो तर अप्पा स्क्रीनला नाक लावून बघताहेत. “हे आयकॉन एवढे मोठे कसे केलेस रे? माझ्या डोळ्यांना बरं पडेल. हे आमच्या वर्गात नाही शिकवलं.” वही उघडली, पेनाचं टोपण काढलं.

डेस्कटॉपवर कंट्रोल दाबून धरायचा आणि माउसचं चाक फिरवायचं, की आयकॉन हवे तेवढे लहानमोठे होतात. मला हे दहा वर्षांपासून माहीत आहे.

“ते होय?” मी म्हणालो. “ते तर बेसिक आहे, अप्पा.” आणि प्रिंटचं बटण दाबलं.

प्रिंटरमध्ये कागद नव्हता.