उएनो पार्क सम्राटाने दिलं? ढकलपत्राला उत्तर

चेरीचा मोसम जवळ आला की एक ढकलपत्र हमखास फिरायला लागतं. वर तोक्योतल्या उएनो पार्कचे गुलाबी फोटो आणि खाली मजकूर: ही मुळात जपानच्या सम्राटाची खासगी बाग, दिलदार सम्राटाने ती जनतेला देऊन टाकली, शिस्तप्रिय जपान्यांनी ४०० वर्षांत तिथला दगडही हलू दिला नाही, तिथे मालकाची वाट पाहणाऱ्या हाचिको कुत्र्याचा पुतळा आहे, चेरी आणि पांडा पाहा, बाकी फारसं काही नाही. आणि शेवटी ठरलेली ओळ: ‘नाहीतर आपल्याकडे बघा!’ आपल्याकडच्या बागांना नावं ठेवायला माझी हरकत नाही. पण त्यासाठी उएनोचा इतिहास एवढा धुऊन-पुसून घ्यायची गरज नव्हती.

आधी सम्राट. उएनोची टेकडी ही सम्राटाची नव्हे, तोकुगावा शोगुनांची, म्हणजे तेव्हा जपानवर प्रत्यक्ष राज्य करणाऱ्या लष्करी सत्ताधीशांची जागा. सम्राटाच्या नावाने ज्यांची सत्ता पुढे उलथवली गेली, त्यांची. १६२५ मध्ये तिसरा शोगुन इएमित्सु याच्या काळात तेनकाई नावाच्या भिक्षूने इथे कानेइ-जी हे बौद्ध मंदिर उभारलं. जागा निवडली ती एदोच्या (म्हणजे आजच्या तोक्योच्या) किल्ल्याच्या ईशान्येची, कारण अरिष्ट त्या दिशेने येतं अशी समजूत. जुन्या राजधानीच्या, क्योतोच्या ईशान्येला हिएई डोंगरावर एन्र्याकु-जी मंदिर राखणीला आहे, तसंच काही इथेही हवं होतं. तेनकाईने ती नक्कल अगदी मन लावून केली. टेकडीखालच्या शिनोबाझु तळ्याला हिएईच्या पायथ्याचं बिवा सरोवर मानलं, त्यात बेट करून बेन्तेनचं देऊळ बांधलं (ही बेन्तेन म्हणजे आपली सरस्वतीच, बौद्ध धर्माबरोबर चीनमार्गे तिकडे पोचलेली), क्योतोच्या कियोमिझु मंदिराची छोटी आवृत्ती उभी केली आणि चेरीसाठी प्रसिद्ध असलेल्या योशिनोहून झाडं आणवली. १५ पैकी ६ शोगुनांच्या समाध्या कानेइ-जीतच आहेत.

‘जनतेला देऊन टाकली’ हेही तपासून घ्या. एदोच्या काळातही सामान्य लोक इथे चेरी बघायला येतच होते. फक्त शोगुनांच्या समाध्यांची जागा असल्याने गाणं-बजावणं, दंगामस्ती चालायची नाही आणि अंधार पडायच्या आत बाहेर निघावं लागायचं.

मग मंदिराची बाग झाली कशी? तोफांनी. ४ जुलै १८६८ रोजी शोगुनशी एकनिष्ठ राहिलेली शोगिताई ही तुकडी या टेकडीवर ठाण मांडून होती. सम्राटाच्या नावाने लढणाऱ्या नव्या सैन्याची आखणी ओमुरा मासुजिरोची. ‘काळा दरवाजा’ या मुख्य वेशीवर सेनापती साइगो ताकामोरी दक्षिणेकडच्या सात्सुमा प्रांताचे लोक घेऊन चालून गेला. तळ्यापलीकडच्या उंचवट्यावरून आर्मस्ट्राँग तोफा चालत होत्या. एका दिवसात खेळ खलास. मंदिराचा बहुतेक भाग जळून गेला. आज जिथे मोठं कारंजं आहे आणि लोक सेल्फी काढतात, तिथे मुख्य मंदिर होतं. तो काळा दरवाजा आता तोक्योच्याच आराकावा भागातल्या एन्त्सु-जी मंदिरात आहे. त्याच्या लाकडात गोळ्यांची भोकं आहेत, बोट घालून बघण्याजोगी.

जळकी टेकडी नव्या सरकारने ताब्यात घेतली आणि तिथे वैद्यकीय शाळा आणि इस्पितळ बांधायचा बेत केला. जागा पाहायला गेलेला डच डॉक्टर बोदुइन १८७० मध्ये म्हणाला, इस्पितळ दुसरीकडे बांधा, ही जागा बाग म्हणून राखा. म्हणजे श्रेय द्यायचंच तर आधी या डॉक्टरला द्यायला हवं. त्याच्या स्मारकाची तऱ्हा तर आणखी मजेची. १९७३ मध्ये बागेत त्याचा अर्धपुतळा बसवला, तो चुकून त्याच्या भावाच्या फोटोवरून घडवलेला होता! २००६ मध्ये बदलून खऱ्या डॉक्टरचा बसवला.

१८७३ मध्ये सरकारने तोक्योत पाच सार्वजनिक उद्यानं ठरवली, त्यातलं उएनो हे एक. १८९० मध्ये ते राजघराण्याच्या मालमत्तेत गेलं आणि १९२४ मध्ये युवराज हिरोहितोच्या लग्नानिमित्त तोक्यो शहराला मिळालं. अधिकृत नावात ‘राजाने दिलेली देणगी’ हा अर्थ आहे तो या व्यवहारामुळे. ढकलपत्रात खरं आहे ते एवढंच. पण आधी जिंकायचं, मग स्वतःच्या नावावर करायचं आणि नंतर भेट द्यायची, याला दिलदारी म्हणायचं का, हे ज्याचं त्याने ठरवावं.

पुतळ्याचा मुद्दा चटकन संपतो. उएनोतल्या पुतळ्यात कुत्रा आहे, पण तो हाचिको नव्हे. पुतळा त्याच साइगो ताकामोरीचा: साधा किमोनो, पायात गवती चपला, हातात शिकारी कुत्र्याची दोरी. शिल्पकार ताकामुरा कोउन, अनावरण १८९८ चं. घोटाळा बहुधा यामुळे झाला असावा की हाचिकोच्या मालकाचं आडनावच उएनो होतं, प्राध्यापक उएनो हिदेसाबुरो. हाचिकोचा प्रसिद्ध पुतळा शिबुया स्टेशनबाहेर आहे. उएनोत आहे तो प्रत्यक्ष हाचिको: त्याचं कातडं पेंढा भरून इथल्या राष्ट्रीय विज्ञान संग्रहालयात ठेवलंय.

साइगोच्या मागे मात्र जरूर जा, तिकडे फार कुणी वळत नाही. तिथे शोगिताईच्या मेलेल्या सैनिकांची समाधी आहे. मोठ्या दगडावर ‘युद्धात पडलेल्यांची समाधी’ एवढीच अक्षरं, तुकडीचं नाव नाही. विजेत्यांच्या राज्यात हरलेल्यांचं नाव कोरणं सोपं नव्हतं. पुढे जिंकलेला सेनापती, मागे हरलेले. आणि त्या सेनापतीनेही पुढे याच सरकारविरुद्ध बंड केलं आणि १८७७ मध्ये बंडखोर म्हणूनच मेला.

आता ‘दगडही हलला नाही’. १८६८ ची आग वर आलीच. १९२३ च्या भूकंपात इथल्या मोठ्या बुद्धमूर्तीचं डोकं गळून पडलं, उरलेलं धड महायुद्धात धातूसाठी वितळवलं. आज फक्त चेहरा भिंतीत बसवलेला आहे, आणि परीक्षेला बसणारी पोरं त्याच्या पाया पडतात: हा आता आणखी पडूच शकत नाही, आपणही पडणार नाही. अन्नटंचाईत शिनोबाझु तळ्यात भाताची लावणी झाली होती. १८८२ मध्ये सुरू झालेल्या, जपानमधल्या सर्वांत जुन्या प्राणिसंग्रहालयात १९४३ साली हुकमाने प्राणी मारले गेले. हत्तींना उपाशी ठेवलं. ४ सप्टेंबरला मृत प्राण्यांसाठी प्रार्थनासभा झाली तेव्हा दोन हत्तिणी आत अजून जिवंत होत्या. युद्धानंतर तोक्योच्या मुलांनी नेहरूंना पत्रं लिहून हत्ती मागितला, आणि १९४९ मध्ये इंदिरा नावाची हत्तीण भारतातून उएनोत पोचली. ती १९८३ पर्यंत जगली.

या सगळ्यातून तगलेलं म्हणाल तर १६५१ ची सोनेरी तोशोगु वास्तू (पहिला तोकुगावा शोगुन इएयासु याचं देवस्थान), आणि पाचमजली पॅगोडा, जो आता प्राणिसंग्रहालयाच्या आवारात आहे. तगले यात शिस्तीइतकाच नशिबाचाही वाटा आहे.

राहिला ‘बाकी काही नाही’ हा दावा. तोक्यो राष्ट्रीय संग्रहालय एकट्यानेच दिवस खातं. स्टेशनच्या बाजूला पाश्चात्त्य कलेचं राष्ट्रीय संग्रहालय आहे, १९५९ चं, आराखडा वास्तुविशारद ल कॉर्ब्युझिएचा. २०१६ मध्ये त्याच्या ज्या १७ कामांना एकत्रितपणे जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, त्यात चंदीगडचं कॅपिटॉल संकुलही आहे. समोरचं बुन्का काइकान हे संगीतगृह त्याचाच शिष्य माएकावा कुनिओ याचं. चंदीगड पाहिलेल्याला ते उघडं काँक्रीट परकं वाटणार नाही.

आणि पांडा? १९७२ मध्ये चीनशी संबंध सुरळीत झाल्यावर पहिली जोडी आली खरी, पण उएनोतली शेवटची जुळी जानेवारी २०२६ मध्ये चीनला परत गेली. तेव्हा निदान ती ओळ तरी पुढे ढकलण्याआधी खोडा.